कावसजीची जखम कां चिघळली नाहीं?

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडन येथील ‘जंटलमन्स मॅगझीन’ नामक मासिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. पत्राखालीं लेखकाचीं केवळ आद्याक्षरें आहेत. परंतु सोबत जें चित्र छापलें आहे, त्यांतील मनुष्याचें नांव मात्र स्पष्ट दिलें आहे. हा कावसजी नांवाचा मराठा शेतकरी. टिपूवरील स्वारींत इंग्रजी फौजेबरोबर तो बैल हांकण्याच्या कामावर होता. टिपूच्या कैदेंत सांपडल्यावर त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला, आणि तशा स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. पुढें वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना वावरला. नंतर पुण्याजवळच्या एका विटा घडविणाऱ्या जातीच्या मनुष्यानें, म्हणजे आपल्या भाषेंत एका कुंभारानें, त्याच्याच कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून त्याच्या तोंडावर बसविलें.

ही गोष्ट आमच्या वाचकांस अगदींच नवी नसेल. पूर्वजांच्या कर्तबगारीचा विषय निघाला, कीं सुश्रुताच्या मागोमाग पुण्याचें हें नाक पुढें येतेंच. अभिमान आम्हांसहि वाटतो. परंतु अभिमानाच्या भरांत एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ही जखम चिघळली कां नाहीं?

प्रश्न क्षुल्लक नाहीं. इ. स. १७९३ च्या सुमारास जखमेंत पू करणारे जंतु असतात, ही गोष्ट ना पुण्यास ठाऊक होती, ना लंडनास. हत्यारें उकळून घेण्याचा किंवा जंतुनाशक द्रवानें हात धुण्याचा प्रघात कोठेंच नव्हता. शिवाय शस्त्रक्रियेची जागा तरी कोणती? निरोगी माणसांतहि दर चारांपैकीं सुमारें एकाच्या नाकपुडींत ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा पू करणारा जंतु बिनबोभाट नांदत असतो. त्या जंतूच्या उंबरठ्यावरच कुंभारानें आपलें काम मांडलें होतें. कपाळावर सोललेली जागा, खालीं नव्यानें रक्ताळलेलें नाकाचें बूड, आणि दोहोंच्या मध्यें उलटी वळविलेली कातडी! अशा स्थितींत पू झाला असता, तर त्याचें कारण शोधण्याची गरजच पडली नसती. पू न होतां नाक टिकलें, म्हणून कारण शोधलें पाहिजे.

सुदैवानें पत्रांत ही क्रिया पायरीपायरीनें सांगितली आहे. मुंबई इलाख्यांतील टॉमस क्रूसो व दुसरे एक डॉक्टर यांनीं ती प्रत्यक्ष होतांना पाहिली होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन तुटक्या नाकावर शोभेल असा आकार त्यास द्यावयाचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. त्या रेघेच्या आंतील कातडी सोडवून घ्यावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें तिचा एक लहानसा पट्टा तसाच जोडलेला राहूं द्यावयाचा. नंतर नाकाच्या बुडावरील जुना वण तासून ताजा करावयाचा, त्याच्या भोंवतीं एक चीर पाडावयाची, कपाळाची कातडी अर्धी पिळून खालीं आणावयाची आणि तिची कड त्या चिरेंत खोंचून बसवावयाची. सांध्यावर कात. होय, आपण विड्याला लावतों तोच कात, पाण्यांत भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लिंपलेला. अशा पांचसहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस त्यांस हात लावावयाचा नाहीं. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलें कापड ठेवावयाचें. रोग्यानें पांचसहा दिवस उताणें निजून राहावयाचें. सुमारें पंचविसाव्या दिवशीं डोळ्यांमधील तो पट्टा कापून नाक मोकळें करावयाचें.

या वर्णनांत काय आहे, याइतकेंच काय नाहीं हेंहि पाहण्यासारखें आहे. त्यांत सुई नाहीं आणि दोरा नाहीं. एकहि टांका न घालतां, कातडीची कड चिरेंत खोंचून आणि वरून काताचा लेप देऊन हें नाक धरून ठेविलें होतें. या गोष्टीकडे आम्ही पुन्हां येऊं.

आतां त्या काळच्या युरोपाकडे पाहूं. पुण्याच्या या क्रियेवरून बोध घेऊन जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शस्त्रवैद्यानें २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं तशीच क्रिया केली, आणि १८१६ मध्यें दोन यशस्वी प्रयोगांची हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. युरोपांत नव्या नाकाची विद्या पुन्हां चालू झाली ती येथून. परंतु त्याच युरोपांतील मोठमोठ्या इस्पितळांत इतर जखमांची दशा भयंकर होती. जखमेंत दाट पांढरा पू येणें हें बरें होण्याचें शुभ चिन्ह आहे, असा समज वैद्यांत शतकानुशतकें रूढ होता. सर जेम्स सिम्सन यांनीं १८६९ च्या सुमारास हात किंवा पाय कापलेल्या रोग्यांची मोजदाद केली. मोठ्या इस्पितळांतील २,०८९ रोग्यांपैकीं ८५५ दगावले होते. खेडोपाडीं घरींच शस्त्रक्रिया झालेल्या २,०९८ रोग्यांपैकीं अवघे २२६. इस्पितळांत जास्त गंभीर रोगी येतात, असा आक्षेप त्यांच्यावर घेतां येतो व तो तेव्हां घेतलाहि गेला. तरी शेंकडा एकेचाळीस आणि शेंकडा अकरा यांतील अंतर एवढ्यानें भरून निघत नाहीं. ज्या ठिकाणीं विद्या अधिक, हत्यारें अधिक व हुषार माणसें अधिक, त्याच ठिकाणीं मरणहि अधिक होतें. कारण एकाच्या जखमेंतील पू त्याच हातांनीं व त्याच स्पंजानें दुसऱ्याच्या जखमेंत पोंचत होता. पुण्याच्या कुंभारापाशीं असें इस्पितळ नव्हतें. हें त्याच्या रोग्याचें पहिलें भाग्य.

या अरिष्टावर तोड काढली ती जोसेफ लिस्टर यांनीं. १८६५ च्या ऑगस्टमध्यें ग्लासगो येथें गाडीखालीं सांपडून पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाची जखम त्यांनीं कार्बोलिक ॲसिडानें झांकून ठेविली, आणि ती पू न होतां भरून आली. १८६७ मध्यें त्यांनीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. पाश्चरच्या शोधांवरून जंतु मुख्यतः हवेंतून येतात असें त्यांनीं मानलें, व शस्त्रक्रियेच्या वेळीं कार्बोलिकचे तुषार उडविण्याची चाल पाडली. पुढें हवेपेक्षां हात, हत्यारें व रोग्याची स्वतःची कातडी यांचा वांटा फार मोठा आहे असें दिसून आलें, आणि १८९० च्या सुमारास लिस्टर यांनीं तुषारयंत्राची आपली चूक मोकळेपणानें कबूल केली. थोर मनुष्याचें हेंहि एक लक्षण होय. मध्यंतरीं १८७८ मध्यें रॉबर्ट कॉख यांनीं जखमेच्या विकारांचा जंतूंशीं संबंध प्रयोगांनीं दाखविला, आणि ॲबर्डीनचे अलेक्झांडर ऑग्स्टन यांनीं गळवांतील पुवांत द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतु पाहून १८८२ मध्यें त्यांस ‘स्टॅफिलोकॉकस’ हें नांव दिलें. नाकपुडींत नांदणारा वर सांगितलेला जंतु तो याच कुळांतला.

येथवर आल्यावर पुष्कळांस वाटतें, कीं प्रश्न सुटला. जंतु आला म्हणजे पू होणार, न आला म्हणजे होणार नाहीं. मग चिघळलेली प्रत्येक जखम म्हणजे कोणाच्या तरी अस्वच्छ हातांचा पुरावा! परंतु कावसजीचें नाक या सुटसुटीत सिद्धांताच्या आड येतें. जंतु तेथें असणारच होते, तरी नाक टिकलें. शेतकऱ्यास हें कोडें सांगावें लागणार नाहीं. बीं पडलें म्हणून पीक येतेंच असें नाहीं. जमीनहि तशी लागते. जखमेचा इतिहास बियाण्याच्या शोधानें संपला नाहीं. त्याचा उत्तरार्ध जमिनीच्या शोधाचा आहे.

या उत्तरार्धांतील सर्वांत बोलका प्रयोग १९५७ सालचा आहे. इलेक व कोनेन या दोघां संशोधकांनीं इंग्लंडांत स्वयंसेवकांच्या कातडींत स्टॅफिलोकॉकस मोजून टोंचले. निरोगी कातडींत पू होण्यास एकाच जागीं वीस लाखांपासून ऐंशी लाखांपर्यंत जंतु घालावे लागले. त्याहून कमी असले, तर शरीर त्यांचा निकाल लावी. परंतु तेच जंतु रेशमी टांक्याच्या दोऱ्याबरोबर आंत गेले, तेव्हां कांहीं शेंकड्यांनींच काम भागलें. एका दोऱ्यानें जंतूंचें बळ सुमारें दहा हजार पटींनीं वाढविलें! दोरा ही शरीरास परकी वस्तु. तिच्या पिळांत जंतूंस आसरा मिळतो आणि रक्तांतील पांढऱ्या पेशींस तेथें नीट पोंचतां येत नाहीं. आतां पुण्याच्या त्या बिनटांक्याच्या सांध्याची आठवण करावी. कुंभारास हा हिशेब ठाऊक असणें शक्य नव्हतें. पण त्याच्या रीतीनें रोग्यास नेमका तोच लाभ झाला.

दुसरें कारण रक्ताचें. चेहऱ्याच्या कातडीस रक्ताचा पुरवठा विपुल असतो; पायाच्या नडगीस त्या मानानें कमी. रक्त जेथें भरपूर, तेथें जंतूंशीं झुंजणाऱ्या पेशीहि भरपूर. त्यांतून कुंभारानें डोळ्यांमधील जो पट्टा जोडलेला ठेविला, त्यांतून भुंवईच्या आंतल्या टोंकाशीं वर चढणारी धमनी जाते. नवें नाक त्या नळावर तीन आठवड्यांहून अधिक पोसलें. शरीरापासून संपूर्ण तोडून दुसरीकडे लावलेल्या कातडीची गोष्ट निराळी आहे. ती पहिला दिवस-दोन दिवस खालून झिरपणाऱ्या पाझरावर कशीबशी जगते. तिच्याखालीं रक्त गोठलें किंवा पू झाला, कीं ती उचलली जाऊन मरते. नाकावरील कर्करोग काढल्यावर आजचे शस्त्रवैद्यहि पुष्कळदां कपाळाचाच पदर खालीं आणतात आणि त्याचा देंठ साधारण तीन आठवड्यांनीं कापतात. त्या पत्रांतील पंचविसाव्या दिवसाशीं हें किती जुळतें! पहिल्या महायुद्धांत १९१७ मध्यें हॅरल्ड गिलीज यांनीं अशा देंठाच्या दोन्ही कडा वळवून त्याची नळी शिवली, ती याच विचारानें. उघडी रक्ताळ बाजू आंत झांकली गेली आणि जंतूंस शिरण्याची वाट बंद झाली.

तिसरें कारण काळाचें. कावसजीचें नाक तुटल्यास वर्ष लोटलें होतें. रणांतील माती, रक्त व मेलेलें मांस यांनीं भरलेली ती जखम केव्हांच भरून वण झाली होती. कुंभारानें कापली ती निरोगी कातडी. इ. स. १९६४ मध्यें अमेरिकेंत जखमांची स्वच्छ, अंशतः दूषित, दूषित व घाण अशी जी प्रतवारी ठरली, तिचा आशय हाच आहे. शस्त्र चालण्यापूर्वीं जागेची स्थिति काय होती, यावर पुढचें बरेचसें अवलंबून असतें. चौथें कारण विश्रांतीचें. चार दिवस लेप हलविला गेला नाहीं, रोगी उताणा निजून राहिला. काताच्या अंगीं स्तंभक गुण आहे. त्यानें पाझर आंवळला जाऊन सांधा कोरडा राहिला असावा. यापलीकडे कातास जंतुनाशक ठरवून टाकण्याची घाई आम्ही करणार नाहीं.

हीं कारणें आम्ही केवळ तर्कानें रचलेलीं नाहींत. ऑस्ट्रेलियांत उन्हामुळें त्वचेचे कर्करोग फार होतात, म्हणून त्वचेवरील लहान शस्त्रक्रियाहि तेथें विपुल होतात. तेथें २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अगोदर प्रतिजैविक औषध न देतां केलेल्या ५,०९१ जागांच्या शस्त्रक्रियांचा हिशेब आहे. एकंदर शेंकडा १.४७ जखमा चिघळल्या. परंतु सरासरीच्या पोटांत केवढा भेद दडला आहे पाहा. साधें कापून टांके घातले तेथें शेंकडा ०.५४, शेजारच्या कातडीचा पदर फिरविला तेथें २.९४, तोडून आणलेली कातडी लावली तेथें ८.७०. गुडघ्याखालीं ६.९२, जांघेंत, जेथें घाम व ओल असते, तेथें १०. ओंठ किंवा कान यांचा पाचरीसारखा तुकडा आरपार काढला तेथें ८.५७, म्हणजे चेहरा झाला तरी सगळी जागा सारखी नव्हे. जागेगणिक व रीतीगणिक जमीन अशी बदलते.

त्याच देशाच्या उत्तरेकडील उष्ण प्रांतांत २०१५ मध्यें आणखी एक चांचणी प्रसिद्ध झाली. लहान शस्त्रक्रियांच्या ४९३ रोग्यांपैकीं कांहींजणांचे डॉक्टर निर्जंतुक हातमोजे घालीत, बाकीच्यांचे नुसते स्वच्छ. चिघळण्याचें प्रमाण पहिल्यांत शेंकडा ९.३, दुसऱ्यांत ८.७, म्हणजे जवळजवळ सारखेंच. यावरून स्वच्छता निरुपयोगी आहे असें अनुमान कोणी काढील, तर तो सिम्सनच्या इस्पितळाकडे परत जाईल. अर्थ एवढाच, कीं स्वच्छतेची एक पायरी गांठल्यावर उरलेला धोका बहुतांशीं दुसरीकडे असतो: रोग्याच्या मधुमेहांत, रक्तवाहिन्या आंखडविणाऱ्या तंबाखूंत, ताणून बांधलेल्या टांक्यांत, जखमेखालीं सांचलेल्या रक्तांत. कधीं तो सद्हेतूनें केलेल्या तयारींतहि असतो. शस्त्रक्रियेपूर्वीं वस्तऱ्यानें केस काढणें ही मोठी दक्षता समजली जाई. परंतु कॅनडांतील १९७३ च्या एका मोठ्या मोजदादींत वस्तरा फिरविलेल्या जखमा शेंकडा दोनांहून अधिक चिघळल्या, आणि केस तसेच ठेविलेल्या शेंकडा एकाहूनहि कमी. वस्तऱ्याचे डोळ्यांस न दिसणारे ओरखडे हींच जंतूंची बिळें झालीं.

येथें सुश्रुताकडे वळणें प्राप्त आहे. शस्त्रवैद्यानें नखें व केस कापलेले ठेवावे, शुभ्र वस्त्र नेसावें, व्रणी रोग्याच्या खोलींत मोहरी, निंबाचीं पानें, तूप व मीठ यांची धुरी द्यावी, असें संहितेंत सांगितलें आहे. हें वाचून आमच्यांतील कित्येक विद्वान सुश्रुतास जंतु ठाऊक होते असें म्हणतात. परंतु त्या धुरीचें कारण संहितेनेंच दिलें आहे: रक्तमांसाच्या लोभानें व्रणी मनुष्याजवळ येणारे निशाचर दूर राहावे म्हणून. आचार उत्तम होता, कारण चुकीचें होतें. असें स्पष्ट म्हटल्यानें सुश्रुताचें कांहीं उणें होत नाहीं. त्यानें जें पाहिलें तें अचूक पाहिलें. न पाहिलेलें त्याच्या पदरीं बांधणें, हा मात्र त्याचा गौरव नव्हे.

आणि असाच एक सावधपणा पुण्याच्या नाकाविषयींहि बाळगला पाहिजे. पत्रकार म्हणतो, कीं ही क्रिया बहुधा यशस्वी होते. बहुधा म्हणजे किती? शंभरांत नव्वद कीं साठ? ज्यांचें नाक कुजून गळलें, त्यांचें चित्र कोणी काढलें नाहीं. आम्ही वर जीं कारणें दिलीं, तीं यश कां शक्य झालें हें सांगतात. तें किती वेळां मिळालें हें सांगत नाहींत. सिम्सन व लिस्टर यांच्या मागून आलेल्यांचें खरें बळ औषधांत जेवढें होतें, तेवढेंच मोजण्यांत होतें. आपल्या हातून चिघळलेली जखम त्यांनीं वहींत लिहून ठेविली, आणि तिनेंच पुढच्यांस शिकविलें.

ही गोष्ट आजच्या घरांतहि उपयोगाची आहे. आपल्या माणसाची जखम चिघळली, कीं आपण लागलीच अपराधी शोधतों: डॉक्टर, परिचारिका, नाहीं तर पथ्य मोडणारा रोगी. आणि हें टाळावें म्हणून जखम कशीहि असली तरी प्रतिजैविक गोळ्यांचा आग्रह धरतों. बर्क नांवाच्या शस्त्रवैद्यानें १९६१ मध्येंच प्राण्यांवर दाखविलें होतें, कीं असें औषध कापण्यापूर्वीं किंवा जंतु शिरल्यापासून सुमारें तीन तासांच्या आंत शरीरांत असेल, तरच तें प्रतिबंध करतें. त्यानंतर दिलेलें औषध त्या कामीं व्यर्थ. बहुतेक लहान जखमांस तें लागतहि नाहीं. त्यापेक्षां मधुमेह आहे हें डॉक्टरांस अगोदर सांगणें, तंबाखू सोडणें, पायाची जखम असल्यास पाय उंच ठेवून स्वस्थ पडणें, आणि चौथ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत वेदना, ऊब व सूज वाढत असल्यास ती न लपवितां दाखविणें, यांत अधिक शहाणपण आहे.

त्या पत्राशीं संबंध आलेल्या बहुतेकांचा माग इतिहासानें ठेविला. कावसजीचें नांव उरलें, क्रूसोचें उरलें, कावसजीचें चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचें उरलें, मासिकाचेंहि उरलें. ज्याच्या हातून तें नाक घडलें, त्या कुंभाराचें नांव मात्र कोणी लिहिलें नाहीं. त्यानेंहि आपलीं फसलेलीं नाकें कोठें लिहून ठेविलीं नाहींत, म्हणून त्याची विद्या त्याच्या अंगणाबाहेर पडण्यास एका परदेशी मासिकाची वाट पाहावी लागली. त्याचा अभिमान आम्ही जरूर धरूं. परंतु आमच्यापैकीं एखाद्या डॉक्टरानें आपल्या खेड्यांतील दवाखान्यांत एक वही घालून चिघळलेल्या प्रत्येक जखमेची जागा, दोरा, दिवस व रोग्याची प्रकृति तींत नोंदली, तर त्या अनामिक कुंभाराचें ऋण अधिक खऱ्या अर्थानें फिटेल, असें आम्हांस वाटतें.